राब, मोहरी आणि सातविवाचा डोंगर



मार्चच्या शेवटच्या शनिवारी आमच्या ग्रुपचा दरवर्षीचा फुलं बघायचा हाईक झाला. लहानथोर धरून सतराजण होतो. ठिकाण होतं न्यूबरी पार्कमधलं रांचो सिएरा व्हिस्टा, म्हणजेच सातविवा. लॉस एंजेलिसहून १०१ ने पश्चिमेला तास-सव्वा तास. खरं तर हाईकचं साधं वर्णनच लिहिणार होतो, पण तिथे एक वाक्य कानावर पडलं आणि त्यावर मी गप्प बसलो. ते गप्प बसणं काही डोक्यातून जाईना. म्हणून हे जरा इतिहासाच्या वाटेने गेलेलं लिखाण. लांबलंय, चहा घेऊन बसा.

आधी डोंगराविषयी. खालच्या उतारांवर असतं ते 'सेज स्क्रब': गुडघा-कंबरभर उंचीची, मऊ पानांची, वासाची झुडपं. त्यातली बरीचशी उन्हाळ्यात पानं गाळतात. वर गेलं की 'चॅपरॅल' सुरू होतं: उंच, दाट, कडक पानांची झाडी, आत शिरायचं म्हटलं तर शर्ट फाटेल. एका मित्राच्या सासूबाई कोल्हापूरच्या. त्यांनी वाटेतल्या सेजब्रशची करडी पानं बोटांवर नुसती घासली आणि म्हणाल्या, "अगंबाई, हा तर दवणा!" बाईंचं नाक पक्कं. सेजब्रश हे आर्टेमिसिया, आणि जोतिबाला चैत्रात वाहतात तो आपला दवणाही आर्टेमिसियाच. जांभळ्या फुलांची सेज निघाली तुळशीच्या कुळातली, आणि ज्याला हात लावू नका म्हणून सगळ्यांना बजावलं होतं ते पॉइझन ओक आंबा, काजू आणि बिब्ब्याच्या कुळातलं. बिब्बा उतलेला ज्यांनी पाहिलाय त्यांना जास्त सांगायला नको.

आणि सगळीकडे पिवळीधम्मक मोहरी! फोटो काढून झाले. एका काकूंनी तर भाजीसाठी कोवळी पानं खुडायला घेतली. (पार्कात काहीही तोडायला बंदी आहे, हे आम्ही त्यांना जरा उशिरा सांगितलं.) बरोबर एक स्थानिक व्हॉलंटियर बाई होत्या, निवृत्त शिक्षिका. त्या हसून म्हणाल्या की मोहरी इथली नाहीच, ती उपटायलाच आम्ही दर शनिवारी येतो. मग बोलता बोलता म्हणाल्या, हे खालचे उतार चुमाश लोक पूर्वी मुद्दाम जाळायचे, त्यामुळे फुलं जास्त यायची.

त्यावर आमच्यातला एकजण मराठीत म्हणाला, "डोंगर जाळायचे? काय हा अडाणीपणा! बरं झालं कोणीतरी थांबवलं." दोघे-तिघे हसले. बाईंना काही कळलं नाही. मला कळलं, आणि मी काही बोललो नाही.

आता बोलतो.

चुमाश लोक या किनाऱ्यावर हजारो वर्षं राहत आलेत, मालिबूपासून वर सॅन लुइस ओबिस्पोच्या पलीकडेपर्यंत आणि समोरच्या बेटांवर. मालिबू, मुगू, सिमी ही नावं आपण रोज फ्रीवेच्या पाट्यांवर वाचतो ना, ती त्यांचीच. सातविवासुद्धा त्यांच्याच एका वस्तीचं नाव. नांगरट अशी ते करत नसत. म्हणून आलेल्या युरोपियनांनी ठरवून टाकलं की हे लोक निसर्गात सापडेल ते वेचून खातात. पण ते काय वेचायचे ते बघा. चिया, आपल्या सब्जाची नातेवाईक, तिचं बी भाजून दळून त्याचं पीठ. ब्लू डिक्स नावाच्या निळसर-जांभळ्या फुलाचे कंद. ओकची फळं. आम्ही ज्याला 'रानफुलं' म्हणून फोटो काढत होतो, त्यातलं कितीतरी म्हणजे त्यांचं धान्य होतं!

आणि या धान्यासाठी आग लागायची. गवताळ भाग आणि खालचे उतार जाळले की पुढच्या पावसानंतर बी भरपूर येतं, कंद पोसतात, हरणांना कोवळा चारा मिळतो. हे नुसतं ऐकीव नाही. १७६९ साली पोर्तोलाची स्पॅनिश तुकडी सॅन डिएगोहून उत्तरेला निघाली, तिच्याबरोबर हुआन क्रेस्पी नावाचे पाद्री होते. परतीच्या वाटेवर जानेवारी १७७० मध्ये ते याच कोनेहो खोऱ्यातून गेले. त्यांच्या रोजनिशीत किनाऱ्यालगतच्या प्रवासात तिथल्या लोकांनी जाळलेल्या कुरणांचे उल्लेख येतात. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉन हॅरिंग्टन या अभ्यासकाने फर्नांडो लिब्राडोसारख्या वृद्ध चुमाश मंडळींकडून माहिती उतरवून घेतली. १९८२ मध्ये जॅन टिम्ब्रुक आणि तिच्या सहकाऱ्यांनी असे सगळे पुरावे एकत्र करून चुमाशांच्या जाळण्यावर निबंध लिहिला.

मग थांबवलं कोणी? तारीखसुद्धा ठाऊक आहे. ३१ मे १७९३. हंगामी गव्हर्नर होसे होआकिन दे अरिलागा याने सांता बार्बराहून हुकूम काढला की कुरणं जाळायची नाहीत, जाळाल तर कडक शिक्षा. मिशनमधल्या बाप्तिस्मा झालेल्यांना आणि बाहेरच्यांना, दोघांनाही. कारण? गुरं. १७८२ मध्ये सॅन ब्वेनाव्हेंतुरा आणि १७८६ मध्ये सांता बार्बरा मिशन उभं राहिलं होतं, त्यांची गुरं वाढत होती, आणि उन्हाळ्यातलं वाळलं गवत हा त्या गुरांचा चारा होता. ज्यांची शेती आगीवर चालायची त्यांची शेती एका कागदाने गुन्हा ठरली. जवळ खायला उरलं नाही की माणूस मिशनच्या दारातच जाणार. तिथे साथीचे रोग. चुमाशांची संख्या स्पॅनिश येण्यापूर्वी वीस हजारांच्या आसपास होती असं मानतात. १८३१ मध्ये मिशनच्या नोंदीत उरले होते २,७८८.

गुरांबरोबर बियाही आल्या, चाऱ्यात आणि लोकरीत लपून. मिशनच्या भिंती मातीच्या कच्च्या विटांच्या. विटेत गवत घालतात, त्यात बिया अडकतात. १९२०च्या दशकात जॉर्ज हेन्ड्री या शास्त्रज्ञाने त्या विटा फोडून कुठलं तण कधी पोचलं होतं याचा हिशेब मांडला! फिलरी नावाच्या एका तणाचे परागकण तर सांता बार्बराच्या समुद्रतळाच्या गाळात १७६९ च्याही आधीच्या थरांत मिळालेत. म्हणजे मालकाच्या आधी त्याचं तण पोचलं. पाद्र्यांनी वाट सापडावी म्हणून रस्त्याच्या कडेने मोहरी पेरली ही गोष्ट इथे सगळे सांगतात, पण ती दंतकथाच समजा. मोहरीला कोणी पेरायची गरज नसते. डोंगरावरची ही काळी मोहरी म्हणजे ब्रासिका नायग्रा. आपल्या मिसळणाच्या डब्यातली बहुधा जुन्सिया असते, जी याच नायग्राच्या संकरातून झाली. थोडक्यात, आम्ही फोडणीच्या आईचे फोटो काढत होतो.

आता माझ्या गप्प बसण्याविषयी. माझे आजोबा कर्जतकडचे. पावसाआधी भाताच्या रोपांच्या जागेवर ते राब भाजायचे: शेण, टहाळ, पालापाचोळा, गवत, वर माती, आणि मग आग. तणाचं बी जळतं, राख मिळते, त्यात भात पेरायचा. लहानपणी तो धुराचा वास आला की सुट्टी संपत आली हे कळायचं. या राबासाठी जंगलातून टहाळ तोडण्यावर इंग्रजांच्या जंगलखात्याने निर्बंध आणले. साहेबाच्या मते ती जंगलाची नासाडी होती. ठाणे-कुलाब्यात इतकी ओरड झाली की १८८५ मध्ये मुंबई सरकारला चौकशीसाठी फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. आणि १९१२ मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरल्ड मान आणि त्यांचे सहकारी जोशी आणि कानिटकर यांनी राबाचा रीतसर शास्त्रीय अभ्यास केला. तोपर्यंत आमच्या आजोबांच्या आजोबांना 'अडाणी' म्हणून झालं होतं.

राब आणि चुमाशांचं जाळणं एक नव्हे, हे मला माहीत आहे. एक वाफ्यापुरतं, दुसरं उतारभर. पण कुरणाचा किंवा जंगलाचा मालक बदलला की कालची शेती आज नासधूस ठरते, ही गोष्ट दोन्हीकडे तीच.

आणखी एक सांगायला हवं, नाहीतर कोणी म्हणेल की मग जाळूया सगळं. तसं नाही. वरच्या चॅपरॅलला आग सोसते, पण कित्येक दशकांतून एकदा. काही झाडं जळक्या बुंध्यातून फुटतात, काहींचं बी उष्णतेने किंवा धुराने रुजतं. दहा-पंधरा वर्षांत पुन्हा जळलं तर बी तयार व्हायलाच वेळ मिळत नाही, आणि मोकळ्या जागेत मोहरी आणि परकं गवत घुसतं. ते उन्हाळ्यात वाळून कोळ होतं आणि पुढच्या आगीला तयारच. या डोंगरांत वीज पडून आग क्वचितच लागते, लागते ती माणसांमुळे. मे २०१३ च्या स्प्रिंग्ज फायरमध्ये इथले २४,२५१ एकर गेले. नोव्हेंबर २०१८ मध्ये वूल्सी फायर, ९६,९४९ एकर आणि १,६४३ इमारती. ती ८ तारखेला लागली, त्या दिवशी पाडवा होता. आम्ही तेव्हा अगोरा हिल्सला राहायचो. मध्यरात्री पासपोर्ट, देवघरातला बाळकृष्ण आणि फराळाचा डबा गाडीत टाकून निघालो. घर वाचलं. दोन गल्ल्या पलीकडची वाचली नाहीत.

म्हणून 'बरं झालं थांबवलं' हे वाक्य मला लागलं. कुठली आग कधी, कुठे आणि किती लावायची हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं, त्यांचा हात १७९३ मध्ये धरला गेला. त्यानंतर इथे आग राहिली, ते जाणणारे मात्र बाजूला पडले. संपले नाहीत हं. चुमाश लोक आजही आहेत, सातविवाच्या केंद्रात जाऊन बघा.

त्या मित्राला काल फोन करून हे सगळं ऐकवलं. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "अरे, आमच्याकडेही राब भाजायचे की. विसरलोच होतो." पुढच्या महिन्यात एका शनिवारी आम्ही दोघं मोहरी उपटायला जातोय. बाईंना तो काय बोलला होता ते इंग्रजीत सांगायचं की नाही, हे अजून ठरलेलं नाही. कोणाला यायचं असेल तर हातमोजे आणि टोपी आणा. उपटलेली मोहरी घरी नेता येत नाही, आधीच विचारून ठेवलंय.

चूभूद्याघ्या.