कानावरून गेलेला इतिहास

पोस्टाची तिकिटं जमवणारे आहेत, नाणी जमवणारे आहेत, काही भाग्यवान तर नुसता पैसाच जमवतात. मी जुन्या लष्करी कानटोप्या जमवतो. नामपुरात हा छंद जरा अवघडच. आमच्याकडे टोपी ही स्वतः घालायची किंवा दुसऱ्याला घालायची चीज. डांबराच्या गोळ्या टाकून ट्रंकेत ठेवायची नव्हे. 'एवढ्या टोप्या घालणार तरी कुणाला?' असं घरातून दर हिवाळ्यात विचारलं जातं.

नाशिक जिल्ह्याला थंडी ठाऊक नाही, असं मात्र समजू नका. पौषातल्या रात्री मोसम नदीकाठी वारा सुटला, की कांद्याला पाणी भरायला निघालेला माणूस माकडटोपी चढवतो. वर डोळे, खाली मिशा, बाकी सगळी लोकर! त्या अवतारात सख्खा भाऊ ओळखू येत नाही. म्हणून उधारी बुडवणाऱ्यांनाही ती प्रिय.

या टोपीचं साहेबी नाव 'बॅलाक्लाव्हा'. मुळात हे क्रिमियातल्या एका बंदराचं नाव. तिथं २५ ऑक्टोबर १८५४ रोजी इंग्रज आणि रशियन यांची लढाई जुंपली आणि हुकमाच्या घोटाळ्यापायी इंग्रजांचं घोडदळ थेट तोफांच्या तोंडी गेलं. घोडदळाच्या पुढे होते लॉर्ड कार्डिगन. सरसेनापती होते लॉर्ड रॅग्लन. म्हणजे पाहा, एकाच्या नावाचा स्वेटर, दुसऱ्याच्या नावाची बाही आणि गावाच्या नावाची टोपी! ही मंडळी लढायला निघाली होती की शिंप्याचं दुकान थाटायला, अशी शंका यावी.

हसू ओसरतं ते पुढच्या महिन्यात. हिवाळी कपडे घेऊन आलेलं 'प्रिन्स' नावाचं जहाज १४ नोव्हेंबरच्या वादळात त्याच बंदराबाहेर बुडालं. गरम कपडे समुद्राला मिळाले आणि शिपाई खंदकांत कुडकुडत राहिले. मग इंग्लंडातल्या बायकांनी सुया हातात घेतल्या. टोपीला बंदराचं नाव चिकटलं ते पुढे कितीतरी वर्षांनी.

रशियनांची ती केसाळ, कान झाकणारी टोपी म्हणजे 'उशांका'. त्यांच्या भाषेत 'ऊशी' म्हणजे कान. आपण उशीवर कान ठेवतो, ते कानालाच ऊशी म्हणतात. झोप दोघांनाही लागते. १९३९-४० च्या हिवाळ्यात फिनलंडशी लढताना लाल सेनेच्या टोकदार कापडी टोप्या थंडीपुढे टिकल्या नाहीत. त्यानंतर ही उशांका आली. तात्पर्य, आधी माणसं गारठतात, मग टोपी मंजूर होते.

आपली कथाही वेगळी नाही. १९१४ च्या ऑक्टोबरात खडकीचे सॅपर्स अँड मायनर्स फ्रान्समध्ये लढत होते. हिंदी फौज तिथं उतरली ती सुती खाकीत; लोकर मागाहून आली. १९६२ साली नेफात चिन्यांपुढे उभे केलेले कित्येक जवानही सुती गणवेशातच होते. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि १९६३ मध्ये लोकसभेवर बिनविरोध निवडून आले ते आमच्या नाशिकमधून. त्या हिवाळ्यात घरोघरच्या बायका जवानांसाठी लोकर विणत बसल्या होत्या. सरकारी कोठारापेक्षा थंडी नेहमी आधी पोचते. मधलं अंतर कुणाची तरी आई-बहीण दोन सुयांवर भरून काढते.

आता संग्राहकांचा न्याय बघा. त्यांच्या बाजारात कोऱ्या टोपीला भाव जास्त. आतला शिक्का शाबूत, घडीसुद्धा मोडलेली नाही, वा! पण कोरी टोपी म्हणजे कुणाच्याच कानापर्यंत न पोचलेली टोपी. ज्या पोचल्या त्या घामानं, धुरानं, कसरीनं संपल्या. त्यांचा संग्रह होत नाही. माझ्या ट्रंकेत आहे तो उशिराचा इतिहास.

गेल्या थंडीत आमच्या भागातले एक निवृत्त सुभेदार संग्रह बघायला आले. सगळ्यात कोरी टोपी उचलून त्यांनी आतली लोकर चाचपली आणि म्हणाले, "गुरुजी, हाई चांगली गरम शे. रातले पानी भराले जानं शे." मी काय बोलणार? टोपी त्यांनी तिथंच घातली. स्वतःला, हे विशेष.

माझी सर्वांत किमती टोपी आता रात्रीची कांद्याच्या वाफ्यात असते. संग्रहाच्या वहीत तिच्यापुढे शेरा मारून ठेवलाय: 'पोचली.'