ज्या गोळीबद्दल बायकांना उशिरा कळलं

बचत गटाच्या बैठकीत हप्ते आणि पासबुकं आटोपली की आमच्या वाघोलीत दवाखान्याच्या गप्पा निघतात. तिथे एका गोळीचं नाव दोन निराळ्या आजारांसाठी ऐकू येतं. कुणाच्या मुलीला फिट येतात म्हणून ती चालू असते. कुणाच्या जावेला बायपोलर आजार असतो, म्हणजे काही दिवस झोप नको, बोलणं थांबत नाही, पैसा पाण्यासारखा जातो आणि मग आठवडेच्या आठवडे अंथरुणातून उठवत नाही. तिलाही तीच गोळी. सोडियम व्हॅल्प्रोएट, किंवा तिचं सख्खं भावंड डायव्हॅलप्रोएक्स. “आकडीची गोळी हिला कशाला दिली? डॉक्टर चुकले असतील,” असं म्हणून कुणीतरी ती बंद करायला सांगतं. डॉक्टर चुकलेले नसतात. पण हे समजायला गोळीचा इतिहास ठाऊक हवा.

आजार फार जुना आहे. चरकसंहितेत अपस्मारावर स्वतंत्र अध्याय आहेत. अपस्मार म्हणजे स्मृती हरपणं. पुढे गावोगाव अंगात आलं, बाहेरची बाधा झाली असं म्हणत कांदा आणि चप्पल हुंगवणं सुरू झालं. तेही अजून संपलेलं नाही. फिट आपोआप थांबते आणि श्रेय कांद्याला मिळतं! इंग्लंडात १८५७ साली चार्ल्स लोकॉक या डॉक्टरांनी ब्रोमाइड दिल्याचं सांगितलं. ते राणी व्हिक्टोरियाचे प्रसूतितज्ज्ञ होते, आणि काही बायकांच्या फिटचा संबंध त्यांनी पाळीशी आणि ‘हिस्टेरिया’शी जोडला होता. औषध लागू पडलं, पण माणूस गुंगीत राहायचा. १९१२ मध्ये फेनोबार्बिटल आणि १९३८ मध्ये फेनिटॉइन आलं. या दोन्ही गोळ्या आजही सरकारी दवाखान्यात मिळतात.

व्हॅल्प्रोएटची गोष्ट मात्र मजेशीर आहे. हे आम्ल १८८२ साली अमेरिकेतल्या बर्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने तयार केलं. ऐंशी वर्षं त्याला कुणी औषध मानलंच नाही. प्रयोगशाळेत इतर पदार्थ विरघळवायला ते वापरत. १९६२ मध्ये फ्रान्समध्ये पिएर एमार हा संशोधक विद्यार्थी काही नवी संयुगं तपासत होता. ती पाण्यात विरघळेनात, म्हणून त्याने ती या आम्लात विरघळवली. तपासणीत एकेक संयुग फिट थांबवू लागलं. सगळीच कशी गुणी निघाली? मग लक्षात आलं की गुण संयुगांचा नाही, ज्यात ती विरघळवली त्याचा आहे. फोडणीतल्या जिऱ्यामोहरीची वाहवा करावी आणि शेवटी करामत तेलाची निघावी, तसं झालं. १९६७ मध्ये फ्रान्समध्ये ते औषध म्हणून विकायला लागलं.

त्याच सुमारास, १९६६ मध्ये, लाँबेअर या फ्रेंच मानसोपचारतज्ज्ञांनी या औषधाच्या जवळच्या नातेवाईकाचा उपयोग मनाच्या चढउतारांवर होतो असं लिहिलं. अमेरिकेने १९७८ मध्ये फिटसाठी व्हॅल्प्रोइक ॲसिडला आणि १९९५ मध्ये बायपोलरमधल्या उन्मादासाठी डायव्हॅलप्रोएक्सला परवानगी दिली. मेंदूतल्या पेशींची जास्तीची उसळी हे औषध शांत करतं, म्हणून दोन्हीकडे चालतं. जावेची गोळी चुकीची नाही ती यामुळे.

आता ही गोळी घ्यायची कशी? डॉक्टरांनी लिहून दिली तेवढी, रोज ठरल्या वेळी, जेवणासोबत किंवा जेवणानंतर. पोट बिघडणं त्याने कमी होतं. ‘सीआर’ लिहिलेली गोळी चावू नये, कुटू नये. ही गोळी हवेतला ओलावा ओढते, म्हणून पट्टीतून काढून डबीत भरून ठेवू नये. आमच्या गटातल्या एकीने महिन्याच्या गोळ्या कुंकवाच्या करंड्यात काढून ठेवल्या होत्या, पावसाळ्यात त्या चिकट झाल्या. एखादी वेळ चुकली तर आठवताच घ्यावी, पण पुढची वेळ जवळ आली असेल तर दोन एकदम घेऊ नयेत. वजन वाढणं, केस गळणं, हात थरथरणं, पाळी अनियमित होणं हे होऊ शकतं. ते डॉक्टरांना सांगावं, गोळी आपल्या मनाने कमी करू नये. सतत उलट्या, पोटात जोराचं दुखणं, डोळे पिवळे होणं, अंगावर विनाकारण काळेनिळे डाग किंवा फार सुस्ती दिसली, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठावा. यकृताला त्रास होण्याची भीती पहिल्या सहा महिन्यांत जास्त असते, म्हणून डॉक्टर रक्ततपासणी सांगतात. पैसे वाचवायला ती टाळणं महागात पडतं.

इथवर सगळं ठीक होतं. १९८२ मध्ये फ्रान्समधल्या लिऑन शहरात एलिझाबेथ रोबेर या डॉक्टर जन्मजात व्यंगांची नोंद ठेवत होत्या. पाठीच्या कण्याचं व्यंग असलेल्या बाळांच्या आयांमध्ये व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या जास्त आहेत, हे त्यांच्या ध्यानात आलं. पुढे अभ्यास वाढत गेले. गरोदरपणात ही गोळी घेतलेल्या शंभर बायकांपैकी साधारण दहा जणींच्या बाळांना जन्मतः व्यंग आढळतं, एरवी हे प्रमाण दोन ते तीन. याशिवाय शंभरातल्या तीस-चाळीस मुलांना चालणं, बोलणं, शिकणं उशिरा जमतं. डॉक्टरांच्या जगात हे छापून येत राहिलं, पण गोळी गिळणाऱ्या बाईपर्यंत पोचलं नाही.

ते पोचवलं बायकांनीच. मरीन मार्टिन ही फ्रान्समधली आई. तिने दोन्ही गरोदरपणांत हे औषध घेतलं होतं आणि दोन्ही मुलांना त्रास झाला. २०११ मध्ये तिने अशा कुटुंबांची संघटना उभी केली. २०१६च्या अखेरीस फ्रान्सच्या संसदेने भरपाईचा निधी मंजूर केला. २०१८ मध्ये युरोपने नियम केला: मूल होऊ शकणाऱ्या स्त्रीला गर्भ राहू नये याची पक्की व्यवस्था असल्याशिवाय हे औषध देऊ नये. गरोदरपणात बायपोलरसाठी तर नाहीच, आणि फिटसाठीही दुसरा कुठलाच इलाज लागू पडत नसेल तरच. पहिल्या इशाऱ्यापासून छत्तीस वर्षं गेली होती. मला तरी याला उशीर म्हणणं सौम्य वाटतं.

आपल्याकडे न सांगण्याला आणखी एक कारण होतं, आणि ते कायद्यात होतं. १९७६ मध्ये हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा वारंवार फिट येणाऱ्या व्यक्तीचं लग्न रद्द होऊ शकेल असे शब्द घातले गेले. मग कोण आईबाप सांगणार? मुलगी सासरी जाताना गोळ्या माहेरीच राहायच्या किंवा डाळीच्या डब्यात लपायच्या. इंडियन एपिलेप्सी असोसिएशनने पाठपुरावा केला आणि १९९९ मध्ये ते शब्द काढले गेले. (वेडाच्या वारंवार झटक्यांबद्दलचे शब्द अजून आहेत, त्यामुळे बायपोलरवाल्या घरांची भीती तशीच आहे.) कायदा बदलून पाव शतक झालं, डबा मात्र तोच आहे. लपवून घेतलेली गोळी चुकते आणि मग एकदम बंद होते. अचानक बंद केली की फिटवर फिट येऊन जिवावर बेतू शकतं, बायपोलर पुन्हा उसळतो.

म्हणून दिवस गेल्याचं कळताच घाबरून गोळी फेकणं हाही मार्ग नाही. पाळी चुकल्याचं लक्षात येईपर्यंत बाळाचा कणा घडण्याचा काळ जवळजवळ सरलेला असतो. बोलायचं ते लग्न ठरताना किंवा मूल हवं असं ठरवताना, काही महिने आधी. डॉक्टर दुसरं औषध बसवू शकतात, जुनं हळूहळू उतरवू शकतात, फॉलिक ॲसिड देतात. फॉलिक ॲसिडने व्हॅल्प्रोएटचा धोका पुसला जात नाही, हे मात्र ध्यानात ठेवा. ज्यांना आत्ताच दिवस गेलेत, त्यांनी गोळी चालू ठेवून लगेच डॉक्टरांना भेटावं. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत १९९८ पासून फिटचा आजार असलेल्या गरोदर बायकांची नोंद ठेवली जाते. योग्य औषधावर असलेल्या बहुतेक बायकांना निरोगी बाळं होतात, हे अशा नोंदींतूनच कळलं.

आपल्या बाजूच्या बायकांनी नगर रोडने येरवड्याचं मनोरुग्णालय किंवा पुढे ससून गाठलं तर विचारायला माणूस मिळतो. मनाच्या आजारासाठी १४४१६ हा सरकारी फोन फुकट आहे, मराठीत बोलतात. जाताना गोळीची रिकामी पट्टी न्या, कारण दुकानदार छाप बदलून देतो आणि नाव सांगताना घोळ होतो. दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत तेही सांगा.

आणि शक्य असेल तर नवऱ्यालाही सोबत न्या. हे औषध त्याला चालू असेल, तर मूल हवं असताना त्यानेही आधी डॉक्टरांशी बोलावं, अशी सूचना युरोपच्या औषध नियामकांनी २०२४ मध्ये खबरदारी म्हणून दिली आहे.