बाळगोळी आणि कुलूपबंद कपाट

आमच्या नवापूरच्या स्टेशनातून राज्याची सीमा जाते. फलाटावरचे एक बाकडे अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत! पाहुणे त्यावर बसून हौसेने फोटो काढतात. मला मात्र ते पाहिले की अफू आठवते. वाचकहो, सणासुदीला हे कडू नाव घेतो, क्षमा असावी.

मामांची आई मुंबईला गिरणीत जाई. पाळीवर निघताना तान्ह्याला अफूची बाळगोळी चाटवायची, ही गिरणगावातली जुनी रीत. मामांच्या पाठचे नव्हे, आधीचे मूल एका दुपारी उठलेच नाही. सरकारला या गोष्टी ठाऊक नव्हत्या असे नाही. १८९३ साली खासा आयोग बसला. १८९५ च्या अहवालात त्याला अफूबंदीची निकड वाटली नाही. महसूल कोणाला नको असतो? माळव्याची अफू मुंबईहून चीनला जाई, आणि त्या व्यापारात धनाढ्य झालेल्या सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतूनच १८४५ साली मुंबईचे जे. जे. रुग्णालय उभे राहिले.

पुढे काटा दुसरीकडे झुकला. १९८५ च्या कायद्याने किमान दहा वर्षांची कैद ठेवली. अफूचेच सत्त्व असलेले मॉर्फिन ठेवायला औषधवाले धजेनात. १९९७ साली साऱ्या देशात जेमतेम १८ किलो वापरले गेले. नीमच-मंदसोरकडे सरकारी परवान्याने अफू पिकत असूनही!

२००८ साली सुरतेच्या हमरस्त्यावर मामांची मांडी मोडली. नेले त्या इस्पितळात मॉर्फिन नव्हते. डॉक्टर भले होते; म्हणाले, परवाने किती काढायचे? सीमेपलीकडून आणायचे तर निराळी परवानगी. मामा रात्रभर ओरडत होते. बाकड्यावर बसणाऱ्याला जे सोपे, ते कुपीला नव्हते.

२०१४ साली कायदा सुधारला. मान्यताप्राप्त रुग्णालयाला एकच परवानगी पुरू लागली. मात्र अमेरिकेत या जातीच्या गोळ्या सढळ हाताने लिहून दिल्याने केवढा अनर्थ झाला, तोही आपण पाहिला. म्हणून अपघात विभागात आता शिरेतून थोडे थोडे देतात, श्वास मंदावतो का पाहतात, उतारा म्हणून नॅलोक्सोन जवळ ठेवतात, आणि घरी देताना गोळ्या मोजक्या दिवसांच्याच.

गेल्या वर्षी भाच्याचा हात मोडला. परिचारिकेने विचारले, "दहापैकी किती दुखतंय?" सुई दिली, रिकामी कुपी वहीत नोंदवली, कपाटाला कुलूप घातले आणि घड्याळ धरून त्याचे श्वास मोजत बसली. दाराशी काठी टेकून उभे असलेले मामाही ओठ हलवीत तिच्याबरोबर मोजत होते.