डोंगरापलीकडची नावे

पाऊस ओसरला की आम्हा मुलुंडकरांना मागच्या डोंगराची ओढ लागते. त्याच्या पलीकडच्या अंगाला कान्हेरीची लेणी. मधे जंगल, म्हणून वळसा घालून बोरिवलीच्या बाजूनेच आत जावे लागते. डब्यात चपाती-खिमा, पिशवीत उकडलेल्या शेंगा.

शंभरावर लेणी, आणि जागोजागी दगडात खोदलेली पाण्याची टाकी. शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. भिक्षू पावसाळाभर एका जागी मुक्काम करीत. आपण मात्र पाऊस सरला की बाहेर पडतो.

ही रीतही जुनीच. नव्वद क्रमांकाच्या लेण्यात पहलवी लिपीत काही नावे कोरलेली आहेत. लेणी पाहायला आलेल्या पारशी पाहुण्यांची. दोन लेख इ. स. १००९ चे, एक १०२१ चा. दोन ऑक्टोबरातले, एक नोव्हेंबरातला! लेणी बुद्धाची, पाहुणे जरथुष्ट्राचे, आणि हजार वर्षांनी ती नावे पाहणारा मी मुसलमान. डोंगराने कुणालाच अडवले नाही.

गेल्या खेपेला नातवाने खडा उचलला. “नाना, मीपण लिहू?”

मी गडबडलो. त्यांनी लिहिले तो इतिहास, याने लिहिले तर खराबी. हे त्याला कसे सांगावे? शेवटी म्हणालो, “बेटा, त्यांनी तारीख लिहिली, सोबत्यांची नावे वडिलांच्या नावांसकट लिहिली. तू तसेच लिही, पण वहीत. भिंत त्यांच्यापुरतीच राहू दे.”

रात्री त्याने वहीत सगळ्यांची नावे लिहिली, वडिलांच्या नावांसकट. खाली तारीख. महिना ऑक्टोबरच.