द्राक्षं, तर्री आणि मीठ

बेल्ह्याहून आळेफाटा करत नारायणगावच्या बाजूला निघालं की द्राक्षबागा लागतात. तिकडच्या कुठल्याही बागायतदाराशी पाच मिनिटं बोला, 'रेसिड्यू' हा शब्द येणारच. शहरातल्या आपल्यापेक्षा तो त्याच्या तोंडी जास्त सहज बसलाय. हा शब्द बांधावर कसा पोचला, त्याची ही गोष्ट.

2003 साली युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत मेथोमिल, अ‍ॅसिफेट अशा कीटकनाशकांचे अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाले आणि एकच खळबळ उडाली. मग अपेडाने निर्यातीआधी तपासणी सुरू केली. तिची सूत्रं पुण्याजवळच्या मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राकडे आली. 2006 पासून 'ग्रेपनेट'वर निर्यातीच्या बागांची नोंद होऊ लागली.

पण तपासतात कसं? द्राक्षाचा लगदा म्हणजे मुख्यतः पाणी आणि साखर. तो तसाच यंत्रात घातला तर त्या गर्दीत औषधाचा कण दिसायचा नाही. आधी तो ओढून काढावा लागतो. मांजरीच्या पद्धतीत 10 ग्रॅम लगद्यात 10 मिलिलिटर इथाइल अ‍ॅसिटेट घालून घुसळतात, पाणी धरून ठेवायला सोडियम सल्फेट टाकतात, गरगर फिरवतात आणि वरचा थर तेवढा घेतात.

आपल्या मासवडीचा रस्सा आठवा! मिरचीचा रंग तेलात उतरून तर्रीत येतो, मीठ मात्र खाली रश्श्यातच राहतं. बहुतेक कीटकनाशकं तर्रीवाली. वरचा थर घेतला की हाती लागतात.

2010 मध्ये घोळ झाला तो मिठाचा. खरड छाटणीनंतर वेलीची वाढ रोखून घडनिर्मिती व्हावी म्हणून बागायतदार क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे सीसीसी, फवारत. ते वेलीत टिकून राहतं आणि पुढे द्राक्षात उतरतं. युरोपची मर्यादा होती किलोला 0.05 मिलिग्रॅम. म्हणजे दहा टन द्राक्षांत पाचशेची एक पॅरासिटामॉलची गोळी! तिकडे ते मर्यादेबाहेर सापडलं, माल अडकला, निर्यातदार आणि शेतकरी दोघेही पोळले.

आणि हातात तर 'पास'चे रिपोर्ट होते. रिपोर्ट खोटे नव्हते हो. सीसीसी तपासायच्या यादीतच नव्हतं. बरं, यादीत असतं तरी नेहमीच्या पद्धतीने सापडलं नसतं, कारण ते रसायनशास्त्राच्या भाषेतही क्षारच. पाणी सोडून तर्रीत यायला तयार नाही. त्याला मिथेनॉल आणि पाण्याच्या मिश्रणाने वेगळं काढावं लागतं. पुढे त्याचीही तपासणी सुरू झाली, पण त्या हंगामाचे पैसे गेले ते गेलेच.

मला यातून एवढंच कळलं, की 'सापडलं नाही' हे वाक्य कधीच पूर्ण नसतं. काय शोधलं आणि कशाने ओढून काढलं, हे त्याच्यापुढे लिहिलेलं हवं. बोअरच्या पाण्याचा रिपोर्ट हातात आला की मंडळी, आधी तपासलेल्या गोष्टींची यादी वाचा. 'पास'चा शिक्का नंतर.