सुरूचे खांब आणि चुन्याची घाणी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पुण्यात बाजीराव रस्त्यावर, लक्ष्मी रस्त्याच्या चौकाजवळ, विश्रामबागवाडा उभा आहे. तुळशीबागेत खरेदीला निघालेली माणसे त्याच्या समोरून रोज जातात. मान वर करून पाहणारे थोडे. जो पाहतो त्याला लाकडी सज्जा दिसतो, आणि सुरूच्या झाडासारखे कोरलेले सागवानी खांब दिसतात; तळाशी भरदार आणि वर निमुळते होत गेलेले. मला या खांबांचे फार कौतुक वाटते. सुरू हा शब्द फारसीतल्या ‘सर्व’वरून आला. फारसी आणि उर्दू शायरीत प्रियेच्या उंच, सडपातळ बांध्याला या झाडाची उपमा देण्याची जुनी रीत आहे. ती उपमा इराणातून निघाली आणि पेशव्यांच्या वाड्यात येऊन छत तोलत उभी राहिली!

वाड्याची बाकीची भाषाही ऐका. दरवाजा, दिवाणखाना, जिना, हौद, कमान, तळघराच्या शेजारचा खलबतखाना. दोन खांबांच्या मधली महिरप तर मशिदीतल्या मिहराबची सख्खी नातेवाईक. आणि त्याच वाड्यात सोपा आहे, माजघर आहे, परसू आहे, देवघर आहे. कुणी म्हणाले की वाड्याचे शुद्ध, मूळ रूप आम्हांला हवे आहे, तर मी आधी विचारतो, यातला कोणता शब्द तुम्ही गाळणार?

मूळ रूप म्हणजे काय, हा प्रश्न जुन्या घराच्या दुरुस्तीत पहिल्याच दिवशी उभा राहतो. विश्रामबागवाड्याचेच पाहू. दुसऱ्या बाजीरावाने तो बांधला. १८०७च्या सुमारास तो पुरा झाला आणि दोन लाख रुपये खर्च आला, असे सांगतात. पेशव्याला त्यात जेमतेम अकरा वर्षे मिळाली. १८१८ साली राज्य गेले, वाडा कंपनीकडे आला. १८२१मध्ये तेथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली. पुढे डेक्कन कॉलेज म्हणून नावारूपाला आलेल्या संस्थेचे मूळ त्या पाठशाळेत आहे. मग १८७९च्या मे महिन्यात आग लागली. बुधवारवाडा त्या आगीत गेला आणि विश्रामबागेचा पूर्वेकडचा भाग जळाला. तो लोकवर्गणीतून आणि नगरपालिकेच्या मदतीने पुन्हा उभा राहिला. १९३०पासून १९५९पर्यंत पुण्याचा नागरी कारभार याच वाड्यातून चालला. कचेऱ्या आल्या की काय होते, हे आपल्याला ठाऊक आहे. फळ्यांचे आडोसे, फायलींची कपाटे, कोरीव कामावर तेलरंगाचे थरावर थर. या शतकाच्या सुरुवातीला महापालिकेनेच जतनाचे काम टप्प्याटप्प्याने हाती घेतले, हे मात्र तिच्या खात्यावर जमा धरले पाहिजे.

आता सांगा, मूळ वाडा कोणता? बाजीरावाचा? की जळाल्यानंतर पुणेकरांनी वर्गणी काढून उभा केलेला? पूर्वेचा भाग ‘पेशवाईतला नाही’ म्हणून काढून टाकायचा आणि तेथे आज पेशवाई थाटाचे नवे बांधकाम करायचे, तर हाती काय येईल? एकोणिसाव्या शतकातली खरी गोष्ट जाईल आणि एकविसाव्या शतकातले नाटक येईल. ज्यांनी पदरचे पैसे काढून जळका वाडा सावरला, त्यांचाही या घरावर हक्क आहे, असे मला वाटते.

हा वाद आपल्याकडचाच आहे असे नाही. फ्रान्समध्ये व्हायोले-ल्-द्युक नावाचा वास्तुविशारद होऊन गेला. जुनी इमारत पूर्वी कधी नसेलही इतकी परिपूर्ण करावी, असे त्याचे मत. पॅरिसच्या नोत्र-दाम चर्चवरचा उंच मनोरा त्याने १८५९मध्ये नव्याने चढवला. २०१९च्या आगीत तो कोसळला, तेव्हा बऱ्याच वादानंतर त्याचाच आराखडा घेऊन पुन्हा उभारला गेला, आणि डिसेंबर २०२४मध्ये चर्च उघडले. एकेकाळची भर काळाने मूळ करून टाकली. इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिस हा कवी नेमका उलट बाजूला होता. जुन्या चर्चांच्या भिंती खरवडून त्यांना नवेकोरे करण्याचा सपाटा पाहून तो चिडला आणि १८७७ साली त्याने जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी एक संस्था काढली. डागडुजी करा, गळती थांबवा, टेकू द्या, पण वयाच्या खुणा पुसू नका, असा तिचा आग्रह. १९६४च्या व्हेनिसच्या सनदेत हाच विचार नियमासारखा आला: जेथे अंदाज सुरू होतो तेथे पुनर्बांधणी थांबावी, आणि नवे जे घालाल ते जुन्याशी जुळावे पण ओळखू यावे.

‘जुळावे पण ओळखू यावे’ हे ऐकायला अवघड वाटते. पण पुण्यातच त्याचा उत्तम नमुना आहे, आणि तो दगडा-लाकडाचा नाही. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. १९१९ साली आरंभलेले ते काम १९६६मध्ये पुरे झाले. शेकडो हस्तलिखिते ताडून पाहताना ज्या पाठाबद्दल संपादकांची पुरती खात्री पटेना, त्याच्याखाली त्यांनी नागमोडी रेघ छापली. वाचक अडखळत नाही, पण कुठे शंका आहे ते त्याला कळते. सुक्थनकरांसारख्या विद्वानाने आपला अंदाज लपवला नाही. मग खांबाला जोड देणाऱ्या सुताराने तो का लपवावा?

वाड्यातला लाकडी खांब दगडी तळखड्यावर उभा असतो, जमिनीची ओल लाकडाला लागू नये म्हणून. पुढे कुणीतरी अंगणात भराव टाकतो, वर फरशी बसवतो, तळखडा बुडतो आणि खांब खालून कुजू लागतो. अशा वेळी सगळा खांब बदलण्याची गरज नसते. वरच्या तुळईला टेकू द्यायचा, कुजका भाग निरोगी लाकडापर्यंत कापायचा, आणि तेवढ्याच जाडीचा सागाचा तुकडा सांधा घालून बसवायचा. नवा तुकडा जरा फिका दिसतो. दिसू द्यावा. त्यावर नक्षी असेल तर तीही चारचौघे खांब पाहून, निश्चित माहीत असेल तेवढीच करावी.

भिंतीचे दुखणे वेगळे असते. जुन्या वाड्याच्या भिंती चुन्यात किंवा मातीत बांधलेल्या असतात. चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातला कार्बन वायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात घातला की खदखदतो, फुलतो. मग वाळू आणि विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, मिसळून तो घाणीत मळायचा. बैल गोल फिरतो, दगडी चाक चरातून फिरते, आणि तासन् तास मळल्यावर लोण्यासारखा चुना हाती येतो. कुठे त्यात गूळ, कुठे बेलफळाचे पाणी, कुठे उडदाचे पीठ घालत. भिंतीवर गेल्यावर तो चुना हवेतला गमावलेला वायू हळूहळू परत घेतो आणि पुन्हा दगड होऊ लागतो. याला महिने लागतात, वर्षे लागतात. घाईच्या माणसाला हा धंदा परवडत नाही.

घाईचा माणूस सिमेंट आणतो. आणि येथेच घराचा घात होतो. चुन्याची भिंत ओल शोषते आणि बाहेर टाकते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते. क्षार विटांच्या पृष्ठभागाशी जमतात, जुनी मऊ वीट भुगा होऊन झडते, भिंतीत शिरलेले तुळईचे टोक आतल्या आत कुजते. बाहेरून भिंत चकचकीत! चार पावसाळ्यांनी गिलाव्याचा पोपडा सुटतो, तेव्हा विटेचा दर्शनी थरही त्याच्याबरोबर येतो. मग सगळे म्हणतात, घर जुनेच होते हो, किती दिवस टिकणार.

सार्वजनिक वाड्याच्या मागे महापालिका तरी असते. खासगी वाड्यांची कहाणी निराळी आहे. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर बांधली गेली. भाडेकरूला त्याने छप्पर दिले, हे विसरू नये. पण महिन्याच्या दहा-वीस रुपयांत मालकाने कौले तरी कशी चाळावीत? १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा नदीकाठच्या पेठांतल्या मातीच्या भिंती विरघळल्या. जे वाडे वाचले त्यांना पुढे जमिनीच्या किमतीने गाठले. एका वाड्यात दहा बिऱ्हाडे, एकच नळ, सामाईक संडास, गळणारे माळवद. तेथल्या सुनेला कुणी संस्कृतीचे महत्त्व सांगू लागले तर ती काय म्हणेल, ते आपण कल्पनेने ओळखू शकतो. तिला स्वयंपाकघरात नळ हवा, घरात न्हाणी हवी. हे देता येते. नळ भिंत न फोडता बाहेरून नेता येतो, मागच्या परसात न्हाण्या बांधता येतात, विजेच्या तारा तुळईच्या कडेने लाकडी पट्टीत झाकता येतात. जतन म्हणजे माणसांनी जुन्या हालांत राहणे, असा अर्थ ज्यांनी घेतला त्यांनी वाड्यांचे नुकसानच केले.

दिनकर केळकर आठवतात. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारा हा माणूस आयुष्यभर गावोगाव फिरून दरवाजे, दिवे, अडकित्ते, भांडी गोळा करीत राहिला. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष त्यांनी आपल्या संग्रहालयात आणून पुन्हा जुळवले. जागेवरून उठवलेले घर हे अर्धेच घर, असे कुणी म्हणेल. मान्य. पण ते त्यांनी उचलले नसते तर?

एरवी पाडलेल्या वाड्याचे सामान जाते जुन्या लाकडाच्या वखारीत. तेथे सुरूचे खांब आडवे पडलेले असतात, दाराच्या चौकटी थप्पीने लावलेल्या असतात. हॉटेलवाले येतात, फार्महाऊसवाले येतात. आणि अधूनमधून एखादा सुतारही येतो, उभ्या वाड्यातल्या कुजलेल्या खांबाला जोडण्याजोगा तेवढाच जुना, मुरलेला साग शोधत. एक वाडा सावरायला लागणारे लाकूड त्याला बहुधा दुसऱ्या पडलेल्या वाड्यातूनच मिळते.