फ्रॅमिंगहॅमची हजेरी

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास अण्णांची चाल बदलली. लहानपणी ज्यांच्याबरोबर चालताना मला धावावे लागे, ते माझे वडील पाऊल घासत, अडखळत चालू लागले. बोलतानाही शब्द वाटेत हरवू लागले. डॉक्टरांनी एम.आर.आय.चे चित्र उजेडासमोर धरले. मेंदूच्या आतल्या भागात पिंजलेल्या कापसासारखे पांढरे पुंजके दिसत होते.

"हे एका वर्षाचे काम नव्हे, मास्तर. कित्येक वर्षांची साठवण आहे ही."

मग आधी कुणाला कळले कसे नाही? त्या प्रश्नाने मी जुन्या गोष्टी वाचू लागलो.

मेंदूचा वरचा करडा थर आपण बुद्धीचे घर मानतो. त्याच्या आतले श्वेतद्रव्य म्हणजे त्या घरातल्या खोल्या एकमेकींना जोडणाऱ्या तारा. त्यांना रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या केसासारख्या बारीक असतात. रक्ताचा दाब वर्षानुवर्षे चढा राहिला की त्यांच्या भिंती जाड होतात, पुरवठा तुटपुंजा पडतो आणि तारा झिजतात. येना येथील ऑटो बिन्स्वांगर यांनी 1894 साली या झिजेचे वर्णन केले आणि 1902 साली आल्झायमर यांनी त्या रोगाला त्यांचे नाव दिले. पण हे सारे रोगी गेल्यावर कळायचे! जिवंत माणसाच्या मेंदूतले डाग दिसायला नवी यंत्रे यावी लागली. कॅनडातील हॅचिन्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या डागांना 'ल्यूकोअरायोसिस' हे भारदस्त ग्रीक नाव दिले, ते 1987 साली.

डाग दिसणे निराळे आणि ते कोणाला होतील हे आधी सांगणे निराळे. ती वाट मेंदूकडून निघालीच नाही, हृदयाकडून निघाली.

अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा रक्तदाब मार्च 1944 मध्ये 186/108 होता. महायुद्धाचा कारभार या माणसाच्या हातात, आणि त्यांचे खासगी वैद्य लोकांना सांगत होते की प्रकृती उत्तम आहे! वय वाढले की दाब वाढायचाच, अशी तेव्हा पुष्कळ डॉक्टरांचीही समजूत होती. 12 एप्रिल 1945 रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन रूझवेल्ट गेले. त्या दिवशी दाब 300/190 भरला होता.

तीन वर्षांनी, 1948 साली, बोस्टनजवळच्या फ्रॅमिंगहॅम या लहानशा गावात एक नोंदवही उघडली गेली. तीस ते बासष्ट वयाची 5,209 माणसे तीत दाखल झाली. ती आजारी म्हणून आली नव्हती. दर दोन वर्षांनी यायचे, दाब मोजून घ्यायचा, रक्त द्यायचे, विड्या किती ओढता ते सांगायचे आणि घरी जायचे. वर्गाची हजेरी घेणाऱ्या माझ्यासारख्याला या माणसांचे फार कौतुक वाटते. बदल्यात हाती लगेच काही पडत नसताना इतकी वर्षे 'हजर' म्हणत राहणे सोपे नाही. 1971 पासून त्यांची मुलेही त्या वहीत आली.

या मुलांच्या मेंदूची चित्रे पुढे काढली गेली. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की वय, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, हृदयविकार यांवरून पक्षाघाताचा धोका मोजण्याचे जे गणित आधीच तयार होते, त्यात ज्यांचे गुण जास्त, त्यांच्या श्वेतद्रव्यात डागही जास्त. त्यांना अजून पक्षाघात झालेला नव्हता, हे विशेष. अर्थात असे गणित जमावाचे असते. एकट्या माणसाचे भाकीत त्यातून ज्योतिष्यासारखे काढू नये.

पण हातात काही आहे का? अमेरिकेतल्या एका मोठ्या प्रयोगात काहींचा वरचा दाब 120 च्या खाली, तर काहींचा 140 च्या खाली ठेवण्याचा प्रयत्न झाला. 2019 साली निकाल आला. सुमारे चार वर्षांत पहिल्यांचे डाग सरासरी 0.92 घन सेंटिमीटरने वाढले, दुसऱ्यांचे 1.45 ने. डाग वाढायचे थांबले नाहीत, वेग कमी झाला. फरक मोहरीएवढा, पण ज्या जागी तो पडतो ती जागा लहान नाही.

मागच्या महिन्यात अण्णांना पुन्हा दाखवायला नेले. डॉक्टरांनी त्यांच्या दंडावरचा पट्टा सोडला आणि माझ्याकडे पाहिले.

"मास्तर, वय काय तुमचे?"

"सत्तेचाळीस."

"मग बाही वर करा."